जुनी लाईन बंद झाली का?

वाचकांचे प्रश्न : गावचं पाणी

होळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, घराघरांत माणसं वाढणार आणि नळाला धार नसणार. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली ती बहुतेक तापी आणि गिरणेच्या मधल्या तालुक्यांत, त्यामुळे ही पत्रं मला परकी वाटत नाहीत. या वेळी जुन्या जलवाहिन्यांबद्दलची पत्रं निवडली आहेत. ती थोडी आटोपशीर केली आहेत आणि गावांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

नाना, आमचं गाव बोरी नदीच्या काठी, लोकसंख्या 2,800. नदीतल्या विहिरीला पाणी आहे. 1 लाख लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरते. तरी वरच्या गल्लीला आणि भिलाटीला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीला, पाणी चढत नाही. बाया रात्री उठून हंडे घेऊन खालच्या गल्लीत येतात. गावातली लाईन बिडाची आहे, विहिरीपासून टाकीपर्यंत सिमेंटची. दोन्ही माझ्या लग्नाच्या आधीच्या. काही जण म्हणतात, नवी उंच टाकी बांधा. काही म्हणतात, आणखी एक बोअर करा. सरपंच म्हणून मी कोणाचं ऐकू?
— एक सरपंच ताई, अमळनेर तालुका

ताई, आत्ता दोघांचंही ऐकू नका. आधी हिशेब मांडा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. 2,800 माणसांना 1 लाख 54 हजार लिटर लागतात. तुमची टाकी दोनदा भरते, म्हणजे 2 लाख लिटर गावाकडे सुटतात. माणसांच्या गरजेला ते पुरून उरायला हवं. पाणी विहिरीत आहे, टाकीत आहे आणि भिलाटीतल्या हंड्यात नाही. मग ते वाटेत कुठेतरी जातंय. नव्या बोअरचं पाणीसुद्धा त्याच वाटेने जाणार. उंच टाकीने दाब वाढेल खरा, पण जुन्या फुटक्या लाईनीत दाब वाढवला की गळती वाढते आणि आज नुसतं झिरपणारं तोंड उद्या फुटतं.

वाटेत किती जातं, ते मोजता येतं. टाकी भरून घ्या. ज्या वेळी गावाला पाणी सोडत नाही अशा वेळी एक गल्ली निवडा आणि तिथले सगळे नळ बंद करायला लावा. तोटी नसेल तिथे लाकडी खुंटी ठोकायची. मग फक्त त्या गल्लीचा वॉल (व्हॉल्व्ह) उघडायचा आणि तासाभरात टाकीची पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचं. तुमच्या टाकीचा आतला व्यास साधारण साडेसहा मीटर असेल तर 1 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 330 लिटर. सगळे नळ बंद असताना उतरलेलं हे पाणी जमिनीत गेलेलं असतं. पाईपला 5 मिलिमीटरचं एकच भोक असलं आणि दाब 1 किलोचा, म्हणजे 10 मीटर उंच पाण्याएवढा असला, तरी ताशी 600 लिटरच्या आसपास पाणी जातं. अकरा माणसांचं दिवसाचं पाणी तासाभरात गेलं, आणि काळ्या मातीत ते वर दिसतही नाही. मुरतं, नाहीतर गटारीत मिसळून निघून जातं.

दुसरी मोजणी दाबाची. साधा प्रेशर गेज विकत मिळतो, एखाद्या फिटरकडेही असतो. वरच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला तो लावा. एकदा सगळे नळ बंद असताना आकडा घ्या आणि एकदा ऐन पाण्याच्या वेळी, सगळी गल्ली भरत असताना. समजा तुमच्या टाकीचा तळ जमिनीपासून 12 मीटर उंच आहे आणि वरची गल्ली टाकीच्या जागेपेक्षा 4 मीटर चढावर आहे. मग पाणी थांबलेलं असताना तिथे 8 मीटर, म्हणजे 0.8 किलो दाब दिसला पाहिजे. एकमजली घरांसाठी 7 मीटर दाब मिळावा असा नियम आहे. थांबलेल्या पाण्याचा आकडाच कमी आला, तर उंच टाकी मागणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण तो आकडा बरोबर आला आणि पाणी वाहायला लागल्यावर काटा शून्याकडे गेला, तर टाकीचा दोष नाही. मधल्या पाईपने दाब खाल्ला. तुमच्या पत्रावरून मला हेच दिसतंय.

बिडाची लाईन आतून कशी होते हे गावकऱ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला फार वाटतं. पुढच्या वेळी लाईन फुटली आणि तुकडा कापला, तर तो भंगारात देऊ नका. ग्रामसभेत टेबलावर ठेवा. बाहेरून चार इंची पाईप धडधाकट दिसतो, ठोकला तर वाजतो. आत पाहिलं तर गंजाच्या गाठी. तांबूस-काळ्या, खडबडीत, एकावर एक चढलेल्या. नखाने खरवडलं तर वरचा थर चिखलासारखा सुटतो आणि खालचा दगडासारखा घट्ट. मधली वाट वाकडीतिकडी उरलेली असते. चार इंचाची वाट पावणेतीन इंचांवर आली, तर तेवढंच पाणी पुढे ढकलायला साडेपाच पटीहून जास्त दाब खर्च होतो. गाठींच्या खडबडीतपणाचं नुकसान याच्या वर. खालच्या गल्लीला उताराचं बळ मिळतं म्हणून तिथे धार लागते. वरच्या गल्लीला चढायला काही उरतच नाही.

सिमेंटची लाईन, म्हणजे ॲसबेस्टॉस सिमेंटची, आपले लोक तिला एसी म्हणतात, तिची गत वेगळी. ती गंजत नाही, तुटते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात उभं राहिलं तर कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा दिसतात. जमीन फाटते तेव्हा तिच्यातला पाईपही ओढला जातो. एसी पाईप लवत नाही, म्हणून मधोमध कचकन मोडतो किंवा जोड निसटतो. मेमध्ये आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर लाईन हमखास फुटते, असा तुमचाही अनुभव असेल.

आता आधी काय बदलायचं? त्याचं उत्तर तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. दुरुस्तीची गेल्या काही वर्षांची व्हाउचरं काढा. क्लॅम्प, कॉलर, जेसीबीचं भाडं, मजुरी, सगळी. प्रत्येक बिल कुठल्या जागेचं, हे वॉलमनला विचारा आणि गावाच्या नकाशावर तिथे टिंब द्या. टिंबं सगळीकडे सारखी पसरणार नाहीत. नाल्याजवळ, एखाद्या बांधाला, रस्ता ओलांडते तिथे त्यांची गर्दी दिसेल. तो तुकडा पहिला. ग्रामसभेला पटवायला आणि अंदाजपत्रकाला आधार म्हणून यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा. सुरुवात विहिरीपासून टाकीपर्यंतच्या ऊर्ध्ववाहिनीतल्या काळ्या मातीच्या भागाने करा, कारण ती तुटली की सगळं गाव कोरडं पडतं. मग टाकीपासून वरच्या गल्लीकडे आणि भिलाटीकडे जाणारी मुख्य लाईन. गल्लीबोळांतल्या लाईनी त्यानंतर, पण जी गल्ली हातात घ्याल तिथली घराघरांची जोडणीही त्याच वेळी नवी करायची. मुख्य लाईन नवी आणि घराकडे जाणारा अर्धा इंची पाईप तोच, गंजलेला, असं करू नका. शेतातल्या काळ्या मातीत मी एचडीपीई, म्हणजे लवणारा प्लास्टिकचा पाईप, घेईन. त्याचे तुकडे उष्णतेने एकजीव होतात, जोड उरत नाही आणि जमिनीबरोबर पाईप लवतो. नाला ओलांडताना आणि जड वाहनांच्या रस्त्याखाली डीआय, म्हणजे डक्टाइल लोखंडाचा पाईप. व्यास मात्र अंदाजाने ठरवू नका. पुढच्या 30 वर्षांची लोकसंख्या धरून तो काढून घ्या, नाहीतर तुमच्या नातसुनेवर हेच पत्र लिहायची पाळी येईल.

भिलाटीचं काम ‘दुसऱ्या टप्प्यात’ टाकू देऊ नका. मी पाहिलेल्या किती तरी गावांत दुसरा टप्पा आलाच नाही. पहिल्या अंदाजपत्रकात भिलाटीच्या शेवटच्या घरापर्यंतची लांबी मीटरमध्ये लिहिलेली आहे का, ते सही करण्याआधी वाचा.

पैशांचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं, तेव्हापासून जुन्या योजनांची सुधारणा ‘रेट्रोफिटिंग’ या नावाने त्यात बसते. तुमच्या गावाच्या आराखड्यात काय मंजूर आहे, ते पंचायत समितीच्या पाणीपुरवठा उपअभियंत्यांकडून लेखी घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठी राखीव, केले, त्यातला निम्मा वाटा पाण्यासाठी ठेवला. ही रक्कम कुठे खर्च झाली आणि किती शिल्लक आहे, ते ग्रामसेवकांकडून मांडून घ्या. सगळी लाईन एकाच वर्षात होणार नाही. पण नकाशावरच्या टिंबांप्रमाणे तुकड्या-तुकड्याने केली, तर प्रत्येक तुकड्याचा फायदा त्याच उन्हाळ्यात दिसतो.

आमच्या गावात मागच्या वर्षी सगळीकडे नवी प्लास्टिकची लाईन टाकली. धार पहिल्यापेक्षा बरी आहे. पण नळ आले की पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ असतं, गटारीचा वास येतो. पावसाळ्यात आमच्या गल्लीत तीन-चार घरांत मुलांना जुलाब झाले. लाईन नवी, तरी पाणी घाण का?
— एक गृहिणी, चोपडा तालुका

ताई, पाणी गढूळ आणि वासाचं येतंय तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच घ्या. पहिलं पाणी सांडायला, धुण्याला वापरा. मुलांना जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करा आणि दवाखान्यात न्या. शेजारच्या घरांतही तसंच असेल तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा. एका गल्लीत एकाच आठवड्यात तीन घरं म्हणजे पाण्याकडे बोट आहे, आणि आरोग्य केंद्राला ते वेळेत कळलं पाहिजे.

आता कारण. ग्रामपंचायतीला एकच प्रश्न विचारा : जुनी लाईन बंद केली का?

बहुतेक ठिकाणी ती केलेली नसते. नवी लाईन टाकताना ठेकेदार ती जुनीला एखाद्या चौकात जोडतो, कारण काही घरांच्या जोडण्या अजून जुन्यावर असतात आणि ‘लोकांचं पाणी तुटायला नको’. मग दोन्ही लाईनी चालू राहतात. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं आणि मग वॉल बंद होतो. वॉल बंद झाला की पाईप रिकामा होऊ लागतो, आत पोकळी तयार होते आणि ती जिथे भोक असेल तिथून बाहेरचं पाणी ओढून घेते. जुनी लाईन गटारीच्या खालून गेलेली असेल तर गटारीचं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी नळ आले की आधी तेच येतं. तुमची पहिली दहा मिनिटं ती हीच. कोणी नळाला टुल्लू मोटार लावत असेल तर हे ओढणं आणखी वाढतं.

नवी लाईन टाकली, फोटो काढला, नारळ फुटला, एवढ्यावर काम संपलं असं मी कधीच मानलं नाही. जुनी लाईन दोन्ही टोकांना कापून तिला टोपी घातली, तिच्यावरचं शेवटचं घर नव्यावर आलं, आणि हे पाणी समितीने उभं राहून पाहिलं, तेव्हा लाईन बदलली. जुनी चालू ठेवून नवी टाकण्यात गावाचे पैसे जातात आणि आजार तसाच राहतो. माझा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलाय, म्हणून पुन्हा सांगतो : ठेकेदाराचं शेवटचं बिल जुनी लाईन बंद झाल्याच्या पंचनाम्याशिवाय देऊ नये, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या. बिल देऊन झालं असेल तरी चौकातला जोड शोधून तोडणं हे दोन दिवसांचं काम आहे. फक्त तो कुठे आहे, हे माहीत असलेला माणूस हवा.

स्वतःच्या दारातही पाहा. मुख्य लाईनपासून तुमच्या नळापर्यंतचा पाईप गटारीतून आला आहे का? गटारीच्या पाण्यात बुडालेला, गंजलेला, वर चिंधी गुंडाळलेला पाईप मी असंख्य घरांपुढे पाहिला आहे. गाव कितीही चांगलं पाणी सोडो, ते तिथे नासतं. हा पाईप गटारीच्या वरून घ्या आणि मध्ये जोड नसलेला एकसंध एमडीपीई, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा, पाईप वापरा.

गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाकडून शेवटच्या घरात ओटी टेस्ट करून मागा. पाण्यात क्लोरीन असेल तर या टेस्टमध्ये पिवळा रंग येतो. नुसत्या विहिरीवर किंवा टाकीखाली केलेल्या टेस्टला अर्थ नाही, तिथे क्लोरीन दिसणारच. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. टाकीखाली पिवळा रंग येतो आणि तुमच्या नळाला येत नाही, तर मधल्या वाटेत घाण आत शिरते आहे आणि क्लोरीन तिच्यावर खर्च होतंय. पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. तुमच्या गावच्या समितीत त्या कोण आहेत ते शोधा आणि त्यांना घेऊन ही तपासणी करा.

सर, आमच्या गावची लाईन ॲसबेस्टॉसची आहे. त्या पाण्याने कॅन्सर होतो असा मजकूर मोबाईलवर फिरतोय. शाळेतल्या मुलांना हे पाणी देऊ की नको?
— एक शिक्षक, साक्री तालुका

गुरुजी, द्या. ॲसबेस्टॉसचा धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा आहे. पाण्यावाटे पोटात जाणाऱ्या तंतूंनी अपाय होतो असा खात्रीचा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. म्हणून पाण्यात त्याची मर्यादाही त्यांनी ठरवलेली नाही. मला काळजी वाटते ती लाईन दुरुस्त करणाऱ्या पोरांची. ग्राइंडर लावून कोरडा एसी पाईप कापतात, पांढरी धूळ उडते आणि तोंडाला साधा रुमालही नसतो. कापायचाच असेल तर पाईप पाण्याने ओला ठेवून हातकरवतीने कापावा, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क हवा आणि तुकडे मुलांच्या हाती लागतील असे उघड्यावर टाकू नयेत. नवी लाईन शेजारून टाकून जुनी एसी जमिनीतच सोडून द्यावी. उकरून काढायची काही गरज नाही.

आमच्या वॉर्डात सध्या लाईन टाकायचं काम चालू आहे. ठेकेदाराची माणसं दीड फुटावर पाईप ठेवून लगेच माती ओढतात. विचारलं तर म्हणतात, ‘साहेबांनी पाहिलंय.’ मी नवीन सदस्य आहे, वय 26. मला यातलं फार कळत नाही. मी नेमकं काय पाहू?
— ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका

भाऊ, तुम्ही खड्ड्यापाशी उभे राहिलात, तेवढ्यानेही काम सुधारतं.

अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत असायला हवी. ती हातात घेऊन जा. त्यात पाईपचा व्यास, दाबाचा वर्ग, खोली आणि लांबी लिहिलेली असते. पाईपवर शाईने छापलेलं वाचा. पीव्हीसीवर आयएस 4985 आणि एचडीपीईवर आयएस 4984 हा क्रमांक असतो. त्यासोबत व्यास आणि दाब. अंदाजपत्रकात 6 किलोचा पाईप आणि उतरवलेला 4 किलोचा, असं असेल तर तिथेच काम थांबवायला सांगा आणि फोटो काढून उपअभियंत्यांना पाठवा. पाईप उन्हात महिनोन् महिने पडलेले नसावेत. आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हात पीव्हीसी कडक होतो आणि पुढे ठिसूळपणाने फुटतो.

दीड फूट खोली अजिबात चालणार नाही. पाईपच्या माथ्यावर तीन फूट माती हवी. उथळ पाईपवरून उसाची नाहीतर केळीची ट्रॉली गेली की तो दबतो. आणखी एक गोष्ट आपल्याच भागात कळते : दीड फुटावरच्या लाईनचं पाणी मे महिन्यात गरमच येतं. काळ्या मातीत पाईप थेट टेकवायचा नाही. खाली आणि भोवती मुरूम किंवा वाळूचा थर द्यायचा, म्हणजे मातीचं फुगणं-आक्रसणं सरळ पाईपवर येत नाही. दगड-गोटे पहिल्या मातीत नकोत. गटारीपासून लाईन 3 मीटर लांब हवी असं पुस्तक सांगतं. आपल्या गल्ल्याच तेवढ्या रुंद नसतात. मग निदान वेगळ्या चरात आणि गटारीच्या वरच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर वर घ्या. गटारीच्या खालून नेऊ देऊ नका. यावर वाद झाला तर वाद घाला.

सगळ्यात महत्त्वाचं, जोडांवर माती ओढण्याआधी दाबाची चाचणी. लाईनमध्ये पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि काटा उतरतो का, जोड पाझरतो का ते पाहायचं. ही चाचणी कागदावर सगळीकडे झालेली असते. तुमच्या वॉर्डात ती खड्ड्यात झाली पाहिजे. तारीख-वार ठरवून मागा आणि त्या दिवशी गल्लीतल्या बायांनाही बोलवा. त्या प्रत्येक जोड हात फिरवून पाहतील. लाईन त्यांच्या रोजच्या पाण्याची आहे.

बाकी वॉलच्या चेंबरला झाकण, लाईनच्या टोकाला ती धुऊन काढायचा वॉल, चढावर हवेचा वॉल. हे अंदाजपत्रकात असतं आणि जागेवर गायब होतं, म्हणून मोजून घ्या.

नाना, मी गावचा वॉलमन. गिरणेचं आवर्तन आलं की विहीर भरते, नाहीतर हाल. गावात सात वॉल, ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाहीत. सकाळी कोणाकडे गेलो की पहिला सवाल, ‘नळ कव्हय येतीन?’ वरचे म्हणतात खालच्यांना जास्त देतो, खालचे म्हणतात वरच्यांना. आता गावात नवी लाईन होणार आहे. माझं काम सोपं होईल का?
— वॉलमन, भडगाव तालुका

आबा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. योजना कोट्यवधींची होते आणि ती चालवणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. पांझरा नदीच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या सामाईक शेतीत, पाणी वाटणारा पाटकरी गाव नेमायचं आणि त्याच्या शब्दाला मान असायचा. तुमचं काम त्याच जातकुळीचं आहे.

काम सोपं होईल, पण चालवायची रीत बदलावी लागेल. टाकी काठोकाठ भरलेली असताना सगळ्यात आधी वरची गल्ली सोडा. भरलेल्या आणि रिकाम्या टाकीच्या पातळीत दोन-तीन मीटरचा फरक असतो, आणि वरच्या गल्लीला तेवढाच दाब कमी पडत असतो. खालची गल्ली अर्ध्या टाकीवरही भरते. दोन्ही एकदम सोडल्या की भांडण ठरलेलं. वॉल हळूहळू उघडा, पाईपमधली हवा निघायला वेळ द्या. बंद करताना तर आणखी हळू. गरकन बंद केला की धावतं पाणी अडकून मागे धक्का मारतं, नवे जोडही त्याने सुटतात. तुम्ही हे हाताने ओळखत असाल, पण तुमच्या जागी बदली येणाऱ्या पोराला कोणी सांगत नाही.

नळाला मोटार लावणाऱ्यांशी एकट्याने भांडू नका. ते काम ग्रामसभेच्या ठरावाने पाणी समितीने करायचं. नव्या लाईनला दाब आला की बरेच जण आपणहून मोटार काढतील. उरलेल्यांची जोडणी समितीने तोडावी.

पण नवी लाईन येण्याआधी एक काम तुमच्याकडूनच व्हायला हवं. सात वॉल, जुन्या लाईनींचे जोड, कोणाच्या ओट्याखालून पाईप गेला आहे, कुठल्या चौकात कधी काळी तिसरी लाईन जोडली आहे, हे सगळं तुम्हालाच माहीत आहे. ठेकेदाराच्या नकाशात त्यातलं अर्धंही नसतं. म्हणूनच जुन्या लाईनी चालू राहतात. सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला घेऊन सकाळच्या गारव्यात गावातून एक फेरी मारा. प्रत्येक जागी थांबा. मुलगा मोबाईलवर ठिकाण टिपेल आणि फोटो काढेल. तुम्ही सांगाल : हा वॉल अमक्या गल्लीचा, इतक्या फेऱ्यांत उघडतो, इथून जुनी लाईन डावीकडे वळते. कागद तयार झाला की त्यावर तुमचं नाव लिहायला लावा आणि एक प्रत ठेकेदाराला काम सुरू होण्याआधी सही घेऊन द्या. एक प्रत तुमच्या घरी ठेवा. आणि जुनी लाईन कापायच्या दिवशी त्यांनी तुम्हाला बोलावलं नाही, तर न बोलावता जा.